घर घ्यावं की चाकांवर राहावं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गृहकर्ज आणि वाहनकर्जाच्या फाइली तयार करून देतो. त्यामुळे फ्लॅटचे आणि गाड्यांचे आकडे रोजच डोळ्यांसमोर असतात. गेल्या काही वर्षांत घरून काम करणारी तरुण जोडपी आणि नुकतेच निवृत्त झालेले काका-काकू एकच गोष्ट विचारू लागले आहेत: फ्लॅटचे हप्ते भरत बसण्यापेक्षा एक चांगली कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन तिच्यातच बारा महिने राहिलं तर? प्रश्न गंभीर आहे, आयुष्यभराच्या पैशांचा आहे, म्हणून उत्तरं सविस्तर देतो. फ्लॅट, गाडी, किराया यांच्या किमती हिशेबासाठी धरलेल्या आहेत. तुमच्या स्कीमचा भाव आणि तुमच्या बँकेचा व्याजदर टाकून आकडेमोड पुन्हा करून बघा.

एका वाक्यात सांगा ना, स्वस्त काय पडतं?

दहा वर्षांचा हिशेब धरला तर सगळ्यात स्वस्त पडतं ते किरायाचं घर. जुन्या गाडीतून बनवलेली साधी कॅम्पर आणि भाव न वाढलेला विकतचा फ्लॅट त्याच्या बरेच वर येतात, आणि नवी कोरी कॅम्पर सगळ्यात महाग. पुष्कळ जण कॅम्परची तुलना थेट विकतच्या घराशी करतात आणि हप्ता वाचला म्हणून खूश होतात. तो हप्ता तर किरायाने राहिलं तरी वाचतो. कॅम्परची खरी स्पर्धा किरायाच्या घराशी आहे, आणि नागपुरात ती जिंकणं फार कठीण आहे.

विकतच्या फ्लॅटचा हिशेब नेमका कसा लावायचा?

बेसा किंवा मनीषनगरच्या बाजूला 50 लाखांचा टू बीएचके धरू. मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून साधारण 7 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. राहतं घर बाईच्या एकटीच्या नावाने घेतलं तर राज्यात एक टक्का सवलत आहे, ती अवश्य घ्या. नोंदणी फी एक टक्का असली तरी 30,000 रुपयांच्या वर जात नाही. काम चालू असलेल्या स्कीममध्ये जीएसटी वेगळा लागतो: साधारण 5 टक्के, आणि 45 लाखांपर्यंतच्या, 90 चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेच्या) आतल्या घराला 1 टक्का. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मिळालेल्या तयार फ्लॅटला तो लागत नाही, म्हणून आपण तयार फ्लॅट धरू.

30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि रजिस्ट्रीचा खर्च त्यात धरत नाही. म्हणजे 10 लाख मार्जिन आणि 3.8 लाख रजिस्ट्री असे 13.8 लाख खिशातून. उरलेल्या 40 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता येतो 34,700 च्या आसपास. दहा वर्षांत हप्त्यांत गेले 41.6 लाख. मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी, गळती यांचे महिन्याला 4,000 धरले तर आणखी 4.8 लाख. एकूण 60 लाखांच्या थोडं वर.

आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण फाइल करताना लोक तिकडे बघतच नाहीत. दहा वर्षं हप्ते भरूनही त्या 40 लाखांतले सुमारे 28 लाख बाकीच असतात. सुरुवातीची वर्षं बहुतेक व्याजातच जातात. भाव अजिबात वाढला नाही तर तुमच्या हाताशी 22 लाख राहतात, आणि दहा वर्षं राहण्याचा निव्वळ खर्च येतो 38 लाख. भाव वर्षाला 4 टक्क्यांनी वाढला तर फ्लॅट 74 लाखांचा होतो, कर्ज वजा जाता 46 लाख तुमचे, आणि निव्वळ खर्च 14 लाखांवर येतो. घर स्वस्त की महाग हे भाव वाढण्यावर एवढं अवलंबून आहे. म्हणूनच जागा बघून घ्यायची, आणि ले-आउटमध्ये घेत असाल तर आरएल (एनआयटी, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर) आहे की नाही ते आधी बघायचं.

आणि नव्या कॅम्परचा?

फोर्सच्या ट्रॅव्हलर किंवा अर्बेनिया व्हॅनसारखी मूळ गाडी, त्यात पलंग, ओटा, संडास, बॅटऱ्या, सोलर, एसी, वर रजिस्ट्रेशन आणि कर. सगळं मिळून 40 लाख धरू. फ्लॅटएवढेच, म्हणजे 14 लाख, आपण आधी भरले. राहिले 26 लाख. गाडीचं कर्ज वीस वर्षांचं मिळत नाही. सात वर्षं आणि 10 टक्के व्याज धरा. हप्ता 43,000 च्या वर जातो! फ्लॅटपेक्षा कमी कर्ज, तरी हप्ता जास्त. लोकांना हे खरंच वाटत नाही, म्हणून मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून दाखवतो.

आता फिरण्याचा खर्च. महिन्याला 1,500 किलोमीटर, लिटरला 10 चा अ‍ॅव्हरेज, डिझेल 92 रुपये: 13,800. टोल 2,500, विमा महिन्याला 5,000, सर्व्हिसिंग आणि टायर 6,000, लाइट-पाण्यासह गाडी उभी करण्याच्या जागेचे 8,000. झाले 35,300. दहा वर्षांत ते 42 लाखांवर जातात. हप्त्यांचे 36 लाख, सुरुवातीचे 14, आणि मध्ये कधीतरी बॅटऱ्या, गादी, पंप, फ्रिज बदलण्याचे 4. एकूण 96 लाखांच्या वर. विकायला काढली आणि 8 लाख आले तरी 88 लाख गेलेच.

कोणी म्हणेल की फ्लॅटवालाही गाडी ठेवतो, फिरायला जातो, ते धरा. बरोबर आहे. कॅम्पर महिन्याला 300 किलोमीटरच चालवली असं धरलं तर डिझेल आणि टोल मिळून तेरा हजारांनी खर्च उतरतो. तरीही निव्वळ खर्च 73 लाखांच्या आसपास राहतोच. कारण मुख्य तोटा डिझेलचा नाही, किंमत उतरण्याचा आहे. विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडी निम्म्या किमतीची धरतात. घराखाली जमीन असते, गाडीखाली टायर असतात.

जुनी ट्रॅव्हलर घेऊन आपणच बनवली तर?

पैशांच्या दृष्टीने हाच एक मार्ग फ्लॅटच्या जवळपास येतो. गाडी आणि काम मिळून 15 लाख रोख, कमी फिरणं, महिन्याला 19,000 च्या आत खर्च, मधली दुरुस्ती 3 लाख. दहा वर्षांनी गाडीचे 3 लाख आले असं धरलं तर निव्वळ खर्च 37-38 लाख. भाव न वाढलेल्या फ्लॅटएवढाच.

पण कागद सांभाळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी मनाने बदलता येत नाही. मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे कॅम्परसारख्या गाड्यांसाठी, एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-परिवहन वाहनांत मोडते, त्यामुळे नोंदणी 15 वर्षांची आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. प्रवासी वाहतुकीची जुनी गाडी घेतली तर वर्ग बदलून घ्यावा लागतो. सुताराला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी आरटीओत जाऊन वर्ग, कर आणि लागणारी प्रमाणपत्रं लेखी विचारा. आतलं काम नोंदणीत आलं नाही तर अपघातानंतर विमा कंपनीशी भांडण ठरलेलं.

किरायाचं घर खरंच इतकं स्वस्त आहे का?

हो. 50 लाखांचा तोच फ्लॅट नागपुरात 15,000 किरायाने मिळतो असं धरा, आणि दरवर्षी 5 टक्के वाढ द्या. दहा वर्षांत 22 लाख 60 हजारांच्या आसपास जातात. डिपॉझिट परत मिळतं. शिवाय फ्लॅटमध्ये घालायचे 13.8 लाख बँकेत राहतात, त्यांचं व्याज येतं. करार मात्र नोंदवलेलाच असू द्या. राज्यात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, आणि तोच कागद पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

अमेरिकेतले लोक तर वर्षानुवर्षं आरव्हीत (तिकडच्या कॅम्पर गाडीत) राहतात. तिथे परवडतं, इथे का नाही?

कारण तिथे गाडी उभी करण्याची सोय आधीच बांधलेली आहे. आरव्ही पार्कमध्ये पाणी, वीज आणि मैलापाणी अशा तिन्ही जोडण्या जागेवर मिळतात. सरकारी जमिनींवर बऱ्याच ठिकाणी 14 दिवस फुकट मुक्काम करता येतो. अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइटजवळच्या सरकारी तळांवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल हा पूर्ण हंगाम 180 डॉलरमध्ये काढता येत असे. आरव्हीवर पंधरा-वीस वर्षांचं कर्ज मिळतं. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असेल तर करासाठी तिला घर मानून कर्जाच्या व्याजावर सवलतही मिळते. साउथ डकोटा, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांत राज्याचा आयकर नाही, म्हणून फिरस्ते लोक पत्ता तिथला घेतात आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या कंपन्यांकडून पत्रं मागवतात. घरांच्या किमती आणि मालमत्ता कर जास्त असल्याने तिथे घर सोडण्याचा फायदाही मोठा.

यातलं काहीच आपल्याकडे त्या प्रमाणात नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं ही चांगली गोष्ट आहे, पण ते पर्यटनासाठी आहे, कायमच्या राहण्यासाठी नाही. तिथला हिशेब पाहून इथे गाडी बुक करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

नागपुरात गाडी उभी कुठे करायची?

रस्त्यावर नाही. सार्वजनिक जागी दहा तासांपेक्षा जास्त बेवारस उभी दिसलेली गाडी पोलिसांना उचलून नेता येते, आणि रहिवासी गल्लीत रोज कोणी अनोळखी गाडीत झोपतंय म्हटल्यावर लोक तक्रार करणारच.

व्यवहार्य मार्ग म्हणजे ओळखीच्या माणसाचा कंपाउंड असलेला रिकामा प्लॉट: हिंगणा, जामठा, बेसा-पिपळ्याच्या पुढे. लाइटसाठी सब-मीटर, बोअरचं पाणी आणि संडासाची टाकी हे तीन मुद्दे कागदावर लिहून घ्या. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात गाडी गिळते. साडेतीन टनांची गाडी उभ्या जागी रुतते आणि काढायला ट्रॅक्टर लागतो. मुरूम टाकून, दाबून, वर गिट्टी किंवा काँक्रीटचे पट्टे केल्याशिवाय जून गाठू नका. हा खर्च कोणी धरत नाही. सखल भाग तर नकोच. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा घरांबरोबर उभ्या गाड्याही पाण्यात गेल्या.

मे महिन्यात गाडीत राहता येईल का?

नागपूरकर हा प्रश्न विचारतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण सगळा बेत इथेच अडतो. पारा 45 च्या वर, नवतपा सुरू, आणि तुम्ही पत्र्याच्या खोलीत. विटांची भिंत उष्णता उशिरा आत सोडते, पत्रा लगेच सोडतो.

एक टनाचा इन्व्हर्टर एसी अशा वेळी तासाला पाऊण ते एक युनिट खातो. फक्त रात्रीचे दहा तास धरले तरी साडेसात ते दहा युनिट झाले, दुपारी तर त्याहून जास्त. छतावर 800 वॅटचं सोलर बसवलं तर दिवसाला तीन-चार युनिट मिळतात, आणि पॅनल तापलं की तेही कमी होतात. 48 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात साडेनऊ युनिट मावतात. म्हणजे उन्हाळ्यात लाइटच्या जोडणीशिवाय नागपुरात गाडीत राहणं जमत नाही, आणि त्या जोडणीवर महिन्याला तीनशे युनिट सहज ओलांडले जातात. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, हे घरमालकालाही माहीत असतं.

कूलर? आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर गाडीतही चालतो आणि एसीच्या पाव हिश्श्याहून कमी वीज घेतो. पण मोठा कूलर दिवसभरात 100 लिटर पाणी सहज पितो, आणि कॅम्परच्या टाकीतच तेवढं पाणी असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन चालू ठेवून, गाडीचा एसी लावून रात्रभर झोपू नका. तासाला लिटरभर डिझेल जातं ते सोडा, धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वास येत नाही आणि माणूस झोपेतून उठत नाही. बंद शेडमध्ये तर हे कधीच करू नका.

मार्चच्या शेवटी गाडी घेऊन चिखलदऱ्याला किंवा पचमढीला जायचं आणि पाऊस पडला की परतायचं, असा बेत असेल तर तो चांगला आहे. मग तिथल्या जागेचा किराया हिशेबात धरा.

पाणी आणि संडासाचं काय?

शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं धरून नळयोजना आखतात. कॅम्परमध्ये दोघांना मिळून दोन दिवस तेवढ्यात काढावे लागतात. जमतं, पण सवय लावावी लागते. कॅसेट संडास (खालची टाकी काढून नेता येणारा) दोन-तीन दिवसांनी रिकामा करावा लागतो, आणि तो नालीत ओतायचा नाही, संडासाच्या टाकीतच ओतायचा. म्हणूनच प्लॉट बघताना टाकी आहे का हे आधी विचारायचं.

आयकरात काही सवलत?

कॅम्परवर नाही. राहत्या घराच्या कर्जावर जुन्या करप्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंत व्याज आणि दीड लाखाच्या मर्यादेत मुद्दल वजा होतं. नव्या प्रणालीत राहत्या घरालाही ही सवलत नाही, त्यामुळे तिथे हा मुद्दाच उरत नाही.

पत्ता नसेल तर आधार, मतदान, बँक कसं होणार?

बहुतेक जण आई-वडिलांचा किंवा मुलाचा पत्ता ठेवतात. 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने त्याच्या पत्त्यावर आधार बदलून मिळतो. मतदारयादीसाठी तुम्ही सामान्यतः कुठे राहता ते बघतात. ज्यांना घरच नाही त्यांच्या बाबतीत बूथ अधिकारी रात्री त्या जागी येऊन खात्री करतो. गॅसचं घरगुती कनेक्शन पत्त्यावर असतं. 5 किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, पण किलोमागे महाग पडतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गाडीच्या तळाशी हवा जायला भोक हवंच. दुसऱ्या राज्यात सलग 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर गाडीची नोंदणी तिकडे करावी लागते.

फास्टॅगचा 2025 मध्ये 3,000 रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास चालेल का?

तो खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तुमच्या नोंदणीत वाहनाचा वर्ग काय लिहिलाय त्यावर ठरेल. चालला तरी तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच, उदाहरणार्थ आपल्याकडून जाणाऱ्या 44 आणि 53 वर. समृद्धीवर नाही.

आहे ते घर विकून कॅम्पर घेऊ का?

माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी ठामपणे देतो. दोन वर्षांहून जुनं घर विकलं की नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं असेल तर महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्के हाही पर्याय आहे. दुसरं घर घेतलं तर तो कर वाचवता येतो, गाडी घेतली तर वाचत नाही. शिवाय साठीनंतर पैशांची अडचण आली तर स्वतःच्या घरावर बँक रिव्हर्स मॉर्गेज (घर तारण ठेवून, तिथेच राहून पैसे मिळण्याची सोय) देते. गाडीवर कोण देणार? गुडघे दुखायला लागले, गाडी चालवणं सुटलं, तर परतायला दार हवं.

मग हे कोणाला परवडतं?

प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर अशा जुन्या ले-आउटमध्ये ज्यांचं स्वतःचं दोन मजली घर आहे त्यांना. वरचा मजला किरायाने द्या, खाली तुमचं सामान आणि तुमची खोली राहू द्या. फ्लॅट पूर्ण किरायाने दिला तर करार 11 महिन्यांचा होतो, आणि मे महिन्यात घरी यायचं म्हटलं तर यायला जागा नसते. गाडी जुनी, कर्ज न काढता घेतलेली असावी. कंपाउंडच्या फाटकाची रुंदी आणि वरच्या छज्ज्याची उंची गाडी घेण्याआधी मोजा. उभी करायला घरची जागा असली की 8,000 रुपये वाचतात, आणि किरायाचे 15,000 डिझेल आणि टोल भागवतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी फिरा, उन्हाळ्यात घरी या. शून्य मैलापासून चारही दिशांना रस्ते आहेत, नागपूरकरांना हे सोपं आहे.

शाळकरी मुलं असतील तर सुट्ट्यांपुरतंच ठेवा.

निर्णय घ्यायच्या आधी काय करून बघावं?

किरायाने कॅम्पर घ्या, पण हिवाळ्यात नाही. एप्रिलच्या अखेरीस, नागपूरच्या आसपासच, प्लॉटवर उभी करून राहा. स्वयंपाक आत करा, ऑफिसचं काम आत करा, कॅसेट स्वतः रिकामा करा. दोघांपैकी एकालाही नको वाटलं तर तिथेच थांबा. दोघांनाही आवडलं तर किरायाच्या घराचा हिशेब शेजारी मांडून जुन्या गाड्या बघायला लागा, आणि गाडीचा बयाणा देण्याच्या आधी प्लॉटमालकाशी करार करून घ्या.